पाटीच्या गाण्यातलं बक्षीस

साहेबरावानं उभ्या आयुष्यात एक कॅसेट कॉपी केली नाही, आणि त्याच्याकडची कुणाला करू दिली नाही. राहू गावच्या बौद्धवाड्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कुणी कोरी कॅसेट घेऊन दारात आलंच, तर साहेबराव त्याला चहा पाजायचा, हवी तितकी गाणी तिथंच बसवून ऐकवायचा आणि कोरी कॅसेट कोरीच परत द्यायचा. लोक तोंडावर हसायचे आणि माघारी त्याला चिकट म्हणायचे. चिकट तो नव्हता हो. त्यानं शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द पाळायची त्याला खोड होती.

शब्द दिला होता शाहीर जयसिंगला. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचं साल होतं, एक्याण्णवचं. त्या एप्रिलात गाणाऱ्या पार्ट्यांना दम खायला उसंत नव्हती, एका दिवसात तीन-तीन गावं उरकावी लागत. त्यामुळं राहूला जयसिंगची पार्टी आली ती भर दुपारी. मांडवाखाली माणूस नुसता शिजत होता, पण जागचं कुणी हललं नाही. साहेबराव तेव्हा नुकताच कोरेगाव भीमाच्या कारखान्यात लागलेला. पहिल्या पगारात घेतलेला टेपरेकॉर्डर छातीशी धरून तो थेट स्टेजला जाऊन भिडला आणि टेप करू का म्हणून विचारलं. जयसिंगनं त्याला खालून वर न्याहाळलं. म्हणाला, कर बाबा, पण ह्याच्या कॉप्या काढत बसू नको. कॅसेट इकली जाती तवा माझी चूल पेटती. साहेबरावानं बाबासाहेबांच्या फोटोकडं बघून हो म्हटलं. झालं. त्या एका होकारावर माणसानं पुढची सगळी वर्षं काढली.

आता अशा कार्यक्रमात एक रीत असते. गाणं काळजाला लागलं की माणूस उठतो, गायकाच्या हातात नोट ठेवतो आणि कानात नाव सांगतो. मग गायक गाणं असेल तिथं थांबवतो, अर्ध्या ओळीत असलं तरी, आणि माईकवरून पुकारतो की अमक्यांकडून पाच रुपये बक्षीस, गायन पार्टी त्यांची आभारी आहे. की पुन्हा ढोलकी, पुन्हा गाणं. शहरातल्या माणसाला वाटेल, काय हा रसभंग. अहो, ज्याचं नाव पुकारलं जातं त्याला विचारा. ज्याला जन्मभर कुणी धड नावानं हाक मारली नाही, त्याचं नाव भोंग्यावरून शेजारच्या वाड्यावस्त्यांपर्यंत जातं.

त्या दुपारी जयसिंगनं पाटीचं गाणं धरलं. एक आई पायातलं चांदीचं मोडून लेकीला पाटी आणते, असं ते गाणं. दुसरं कडवं अर्ध्यात आलं आणि बायकांमधून ताईबाई उठली. साहेबरावाची बायको. खांद्याशी तान्ही पोर, मुठीत पाचाची नोट. बाईमाणूस आपल्या पायांनी स्टेजपर्यंत बक्षीस द्यायला जातंय हे तोवर कुणी पाहिलं नव्हतं. बायका द्यायच्या, पण नवऱ्याच्या नाहीतर पोराच्या हातून. साहेबराव टेपाजवळ बसल्याबसल्या लाजून चूर झाला. जयसिंगला मात्र गंमत वाटली. कान पुढं करायच्या ऐवजी त्यानं माईकच तिच्यापुढं धरला आणि विचारलं, कुणाच्या नावानं, ताई?

“माझ्या करुणाच्या नावानं,” ताईबाई म्हणाली. नोट देताना तिच्या बांगड्या माईकवर आपटल्या, खळ्ळकन. तो आवाज भोंग्यातून एवढा मोठा आला की ती दचकली, जरा थांबली, आणि मग म्हणाली, “दोन म्हैन्याची हाय. पर शाळंत घालनार हाय मी तिला.”

सगळा मांडव हसला. जयसिंगही हसला. गायन पार्टी करुणाची आभारी आहे म्हणाला, आणि तिथून पुढं गाणं त्यानं असं उचललं की ढोलकीवाल्याची धांदल उडाली. हे सगळं साहेबरावाच्या टेपात आलं.

ताईबाई त्यानंतर फार दिवस राहिली नाही. काविळीनं गेली. अंगारे-धुपारे केले नाहीत, दवाखान्यातच नेलं होतं, पण नेईपर्यंत उशीर झाला होता. मागं राहिला लग्नातला एक फोटो, त्यातही मान खाली घातलेली. आणि ही कॅसेट. पोर आईसाठी रडायला लागली की साहेबराव टेप लावायचा. करुणा गप व्हायची, टेपाच्या जाळीला गाल लावून ऐकायची. तिला बोलता धड येत नव्हतं तेव्हापासून आईचं ते बोलणं तिला पाठ होतं, अधल्यामधल्या थांबण्यासकट.

तिलाच काय, सगळ्या वस्तीला पाठ होतं. जयंतीला, बारशाला, लग्नाच्या आदल्या दिवशी भोंग्यावर हीच कॅसेट लागायची. त्यामुळं राहूच्या त्या वस्तीत पाटीचं गाणं म्हणायचं तर दुसऱ्या कडव्याच्या मध्ये थांबायचं, ताईबाईचं बोलणं बोलायचं, बायकांनी बांगड्या वाजवायच्या, आणि मग पुढं जायचं, असा पायंडाच पडला. शेजारची धुरपदा म्हातारी तर भाकरी थापताना गुणगुणायची तेव्हासुद्धा तेवढ्यापुरतं मनगट झटकायची. करुणा तिसरीत असताना शाळेच्या गॅदरिंगला चार पोरींनी ते गाणं म्हटलं. मध्येच चौघी थांबल्या, माझ्या करुणाच्या नावानं म्हणाल्या, हात हलवले आणि पुढं सुरू. गुरुजींनी डोक्याला हात लावला. हे मध्येच काय, म्हणून विचारलं, तर पोरी म्हणाल्या, गुरुजी, ते गाण्यातच हाय की.

इकडं साहेबरावाचा जयसिंगवरचा जीव काही कमी झाला नाही. कोरेगावात हमरस्त्याला लागून इलाहीचं कॅसेटचं दुकान होतं. कारखान्यातून सुटला की साहेबराव तिथं टेकायचा. जयसिंगची नवी कॅसेट आली की पहिली त्याची. पुढं त्या कॅसेटी काढणाऱ्या कंपनीनं एक युक्ती काढली. जुनीच गाणी, वर सोनेरी कागद, आत एखादं न ऐकलेलं गाणं, आणि किंमत दुप्पट. त्या एका गाण्यासाठी साहेबराव उरलेली सगळी पुन्हा विकत घ्यायचा. काही वर्षांनी तीच गाणी सीडीवर आली, पुन्हा एक गाणं जास्तीचं घालून. सीडी वाजवायला घरात काही नव्हतं, तरी घेतली. इलाही त्याला छेडायचा की तुझ्यासारखी दहा गिऱ्हाइकं असती तर मी दुकानावर माडी चढवली असती. साहेबराव म्हणायचा, शाहिराची चूल पेटते ना, मग झालं. त्यातलं शाहिराच्या चुलीपर्यंत किती पोचत होतं, हे विचारायचं त्याच्या डोक्यात कधी आलं नाही. जयसिंग गेला तेव्हा ससूनच्या कॉटवर होता आणि औषधाला पैसे गोळा करायची पाळी आली होती, हे त्याला मागाहून कळलं. त्या दिवशी तो कामावर गेला नाही.

आणि कॅसेट झिजत चालली होती. आधी खरखर वाढली. मग ढोलकी बसली. मग ताईबाईचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येऊ लागला. इलाहीनं किती वेळा सांगितलं असेल की आण, एक कॉपी काढून ठेवतो, कुणाला देऊ नको, घरात ठेव. साहेबराव मान हलवायचा, म्हणायचा, शब्द म्हंजी शब्द. एकदा इलाही चिडलाच. म्हणाला, अरे त्यात तुझ्या बायकोचा आवाज हाय, त्यावर जयसिंगचा काय हक्क? साहेबरावानं शांतपणानं सांगितलं की मी शब्द दिला तवा तिला वगळून दिला न्हवता. असल्या माणसापुढं डोकं फोडून काय उपयोग?

तर अशात, दोन हजार सातच्या पावसाळ्यात, इलाहीच्या दुकानात कंपनीचा एक तरुण आला. जीपमधून आला, कडक इस्त्रीचा शर्ट, आल्या आल्या जय भीम म्हणाला. शाहिरांच्या आठवणीत कंपनी एक मोठा संच काढणार होती. गावोगावच्या प्रत्यक्ष कार्यक्रमांच्या टेपा कुणाकडं असतील तर हव्या होत्या. कॉम्प्युटरवर साफ करून सीडीवर घेणार, मूळ कॅसेट जशीच्या तशी परत, देणाऱ्याचं नाव पुस्तकात आणि संच फुकट. साहेबरावाला फुकटाचं काही सोयरसुतक नव्हतं. त्यानं एकच विचारलं, की त्यात आमच्या घरच्यांचा आवाज आहे, तो टिकेल का? तरुण म्हणाला, एकदा कॉम्प्युटरवर घेतला की शंभर वर्षं हलत नाही.

साहेबरावाला हायसं वाटलं. कंपनी शाहिराचीच, म्हणजे ही काही चोरून कॉपी नव्हे, दिलेला शब्दही मोडत नाही आणि ताईबाईचा आवाजही राहतो. इलाही म्हणत होता की देण्याआधी मला एक दिवस दे, फक्त एक दिवस. साहेबरावानं ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी ताईबाईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून त्यानं कॅसेट त्या तरुणाच्या हातात ठेवली. करुणा तेव्हा बारावीला होती. बारावी झाली की नर्सिंगला पुण्याला जाणार होती. जाण्याआधी तिला आईचा आवाज सीडीवर देऊ, कुठंही गेली तरी जवळ राहील, एवढंच त्याच्या मनात होतं.

संच दिसला तो एक जानेवारीला, कोरेगावच्या स्तंभापाशी. लाखानं माणूस लोटलेलं, पुस्तकांचे, बिल्ल्यांचे, कॅसेटींचे स्टॉल ओळीनं मांडलेले. त्यात एका स्टॉलवर लाकडी पेटी उघडून ठेवलेली. आत निळी मखमल, मखमलीत दहा सीड्या, गुळगुळीत कागदाचं फोटोंचं पुस्तक, आणि शाहिराचा चेहरा छापलेलं एक नाणं. आता सांगा, गाण्याला मखमल कशाला लागते? ज्या माणसानं फाटक्या सतरंजीवर बसून गाणी म्हटली, त्याची गाणी नवरीच्या दागिन्यासारखी डबीत घातलेली. किंमत तीन हजार. लोक हात लावून बघत होते आणि पुढं जात होते.

साहेबरावानं पुस्तक चाळलं. त्याचं नाव कुठं नव्हतं, शेवटच्या पानावर सर्व रसिकांचे आभार होते. स्टॉलवरच्या पोरग्याला फुकटच्या संचाचं विचारलं तर त्याला कशातलं काही माहीत नव्हतं, त्याला फक्त माल दिला होता. पण पेटीच्या पाठीमागं छापलं होतं, पाटीचं गाणं, राहू येथील प्रत्यक्ष कार्यक्रम, प्रथमच. म्हणजे या खेपेचं ते एक जास्तीचं गाणं साहेबरावाचंच होतं. घराचं छप्पर गळत होतं आणि नव्या पत्र्यांसाठी दिवाळीचा बोनस बाजूला काढलेला होता. संध्याकाळी तो पेटी काखोटीला मारून घरी आला. करुणानं पेटीकडं पाहिलं, वर छपराकडं पाहिलं. म्हणाली, “आईचा आवाज हाय ना त्यात, आप्पा? मग पत्र्याचं बघू.”

घरात सीडी वाजवायला काही नव्हतंच, म्हणून दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर तो पेटी घेऊन इलाहीकडं गेला. इलाहीनं सीडी घातली. आवाज असा आला की जयसिंग समोर बसून गातोय. ढोलकीच्या चामड्यावर पडणारं बोटसुद्धा ऐकू येत होतं. साहेबरावाचे डोळे भरून आले. दुसरं कडवं आलं, अर्ध्यात आलं, आणि पुढं गेलं. थांबलंच नाही. शिवण दिसू नये असा कपडा जोडावा तसं कुणीतरी ते गाणं जोडलं होतं. ताईबाई नाही, बांगड्या नाहीत, मांडवाचं हसणं नाही. इलाहीनं मागं घेऊन पुन्हा लावलं. पुन्हा तसंच. इलाहीनं दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, कारण साहेबराव रस्त्याकडं तोंड करून रडत होता.

रजा टाकून तो पुण्याला कंपनीच्या कचेरीत गेला. तिथं कुणी त्याला हिडीसफिडीस केलं नाही, चहासुद्धा दिला. ज्यानं आवाज साफ केला होता तो पोरगा त्यांनी बोलावून आणला. विशी-पंचविशीचा असेल, डोळ्यांवर चष्मा, गळ्यात हेडफोन. त्यानं सगळं सरळ सांगितलं. बक्षिसांच्या घोषणा, खोकले, पोरांचं रडणं, मधली बोलणी, सगळं काढून टाकायला वरून सांगितलं होतं. एवढ्या किमतीचा माल घेणाऱ्याला मध्ये व्यत्यय नको असतो. साहेबरावाची कॅसेट फार झिजलेली होती, मशिनवर एकदाच नीट चालली आणि दुसऱ्यांदा तुटली. तुटलेल्या कॅसेटी भंगारात गेल्या. कॉम्प्युटरमधलं मूळ, न कापलेलं, ते पुढच्या कामाला जागा हवी म्हणून पुसलं. पोरगा खरंच ओशाळला होता. म्हणाला, काका, मला वाटलं नुसती खरखर आहे.

“त्या खरखरीत माझी मंडळी बोलत व्हती,” साहेबराव म्हणाला.

भांडणं त्याला येत नव्हतं, आणि भांडून काही मिळण्यातलं उरलंही नव्हतं. त्यांनी एक नवी पेटी देऊ केली, ती त्यानं घेतली नाही. लुगड्याचा तुकडा तेवढा मागितला, तोही सापडला नाही. परतीच्या एसटीत त्याला सारखं जयसिंगचं वाक्य आठवत होतं, आणि स्वतःची इतकी चीड येत होती की खिडकीच्या गजावर त्यानं कपाळ टेकून ठेवलं ते राहू येईपर्यंत उचललं नाही. एक कॉपी. इलाही एक दिवस मागत होता. कुणाला फसवलं असतं त्या एका कॉपीनं?

करुणाला त्यानं काही सांगितलं नाही. तोंडच होईना. पोरीची परीक्षा तोंडावर, त्यात हे कसं सांगायचं? सीडीचं मशीन मिळत नाही, इलाहीचं बिघडलंय, असं काहीबाही सांगून तो दिवस ढकलत राहिला. पेटी फडताळात ठेवली. रोज संध्याकाळी पोर विचारायची नाही, पण फडताळाकडं बघायची, आणि तो ताट सारून उठायचा. वस्तीत मात्र पेटीची वाहवा झाली होती. आपल्या वस्तीचा कार्यक्रम मखमलीत गेला म्हणून लोक घरी येऊन बघून जायचे, धुरपदानं तर पेटीवरून हात फिरवून दृष्ट काढल्यासारखी कानशिलावर बोटं मोडली.

एप्रिल आला. जयंतीच्या मंडळाचा महेंद्र, तरणाबांड पोरगा, त्यानं यंदा मोठाले स्पीकर सांगितले होते आणि त्यावर सीडी चालणार होती. तो पेटी मागायला आला तेव्हा करुणा दारातच होती. साहेबराव नाही कसं म्हणणार? आणि हो तरी कसं म्हणणार? महेंद्र म्हणाला की मामा, सकाळी झेंडावंदन झालं की पैलं पाटीचंच गाणं लावू, मामींचा आवाज सगळ्या गावाला जाऊ द्या. करुणानंच फडताळातून पेटी काढून त्याच्या हातात दिली. त्या रात्री साहेबराव दोनदा तिच्याजवळ जाऊन बसला आणि दोनदा पत्र्यांचं काहीबाही बोलून उठला.

चौदा तारखेला विहारापुढं माणूस माईना. पांढरी लुगडी, निळे झेंडे, पोरांची पळापळ. इलाही कोरेगावहून आला होता. तो दरसाल यायचा, पण या वर्षी आपला जुना, दोन कॅसेटी बसणारा टेपरेकॉर्डर गाडीला बांधून घेऊन आला होता. तो त्यानं विहाराच्या पायरीवर, स्पीकरच्या समोर ठेवला. कशाला रे हे, म्हणून साहेबरावानं विचारलं, तर म्हणाला, असू दे. काय होणार ते वस्तीत त्या दोघांनाच ठाऊक होतं.

वंदना झाली आणि महेंद्रानं गाणं लावलं. जयसिंगचा आवाज असा स्वच्छ आला की म्हाताऱ्यांनी हात जोडले. सगळी वस्ती टाळीवर गाऊ लागली. दुसरं कडवं अर्ध्यात आलं आणि शेदीडशे टाळ्या एकदम थांबल्या. सवयच होती. धुरपदानं मनगट झटकलं. आणि गाणं थांबलं नाही, ते सगळ्यांच्या डोक्यावरून तसंच पुढं निघून गेलं. लोक गडबडले. महेंद्राला वाटलं सीडी सरकली. त्यानं ती काढली, सदऱ्याला पुसली, पुन्हा लावली. पुन्हा टाळ्या थांबल्या, पुन्हा गाणं पुढं गेलं. आता माणसं वळून साहेबरावाकडं पाहू लागली.

करुणा कुणाकडंच बघत नव्हती. साहेबराव उठला, बायकांमधून वाट काढत तिच्यापुढं जाऊन उभा राहिला.

“न्हाई त्यात, करुणा. त्यांनी काढून टाकला. मला जानेवारीपास्नं ठाव हाय.”

“आन् कॅसेट?”

“ती बी गेली.”

महेंद्रानं गाणं बंद केलं. करुणा मांडीवरच्या ओढणीचं टोक पिळत बसली. साहेबरावाला वाटलं, ही आता आपल्याशी कधी बोलणार नाही, आणि ते बरोबरच होईल. मग ती उठली. महेंद्राजवळ गेली आणि म्हणाली, पयल्यापासून लाव, मी हात वर केला की थांबव. तिनं माईक हातात घेतला.

गाणं सुरू झालं. कुणी टाळी धरली नाही. दुसरं कडवं अर्ध्यात आलं, तिनं हात वर केला आणि महेंद्रानं गाणं थांबवलं.

“माझ्या करुणाच्या नावानं,” करुणा म्हणाली.

धुरपदानं बसल्या जागेवरून बांगड्या वाजवल्या. त्या शांततेत तो आवाज मोठा आला. करुणा दचकली नाही, पण दचकल्यावर माणूस थांबतं तेवढी थांबली. आवाज ताईबाईचा नव्हता. ताईबाईचा भरड होता, हिचा बारीक. पण ते थांबणं तिचं होतं. बोलता येत नव्हतं तेव्हापासून जाळीला गाल लावून शिकलेलं थांबणं, त्यात कमीजास्त व्हायला जागा नव्हती.

“दोन म्हैन्याची हाय. पर शाळंत घालनार हाय मी तिला.”

या ठिकाणी मांडव हसतो. कॅसेटीत हसतो, म्हणून गेली सगळी वर्षं वस्तीही हसत आली होती. आता बारावीची परीक्षा देऊन आलेली पोर समोर उभी होती, आणि कुणाला हसू फुटेना. मग मागून एक म्हातारा हसला, सवयीनं, आणि त्याच्यामागून सगळे हसले, डोळे पुसत हसले. महेंद्रानं आपण होऊन दुसरा माईक उचलला. गायन पार्टी करुणाची आभारी आहे, असं तो जयसिंगच्या चालीत म्हणाला आणि त्यानं गाणं पुढं सोडलं. टाळ्या बरोबर ठेक्यावर पडल्या.

साहेबराव पायरीवर इलाहीशेजारी येऊन बसला. ताईबाईचा आवाज काही परत आला नाही, येणारही नव्हता, आणि ते दुःख त्याच्या छातीत जसं होतं तसंच होतं. त्यानं खाली पाहिलं. इलाहीच्या टेपातली चाकं फिरत होती, लाल दिवा लागलेला होता. इलाहीनं त्याची नजर पाहिली आणि चोरी सापडल्यासारखा बटणाकडं हात नेला. बंद करतो, म्हणाला, तुझा शब्द मला ठाऊक हाय.

साहेबरावानं त्याचा हात धरला. समोर जयसिंग शेवटचं कडवं गात होता.

“असू दे चालू,” तो म्हणाला. “आन् घरटी एक कॉपी काढ, इलाही. पयली आमच्या करुणाला दे. तिला पुण्याला न्यायची हाय.”